नावापुढचा कंस

या, असे पुढे सरकून बसा. दारात उभं राहून ऐकलेली कथा अर्धी बाहेरच राहते. मांडी अवघडली तर खुशाल बदला, मुलं पेंगली तर पेंगू द्या. आजची कथा देवादिकांची नाही, राजाराणीचीही नाही. एका सुनेची आहे, तिच्या सासऱ्याची आहे आणि कॉम्प्युटरवर उमटलेल्या दोन इवल्याशा खुणांची आहे. तिच्यात एकही माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते. शोधत बसू नका. वाईट माणूस नसताना एवढं नुकसान होतं कसं, तेवढं मात्र नीट ऐका.

साल दोन हजार सत्तेचाळीस. भोगावतीच्या काठी धामणकाठ नावाचं गाव. त्या खोऱ्यात एके काळी अकरा गुऱ्हाळं धडधडत होती, आता एकच उरलं होतं. ते चालत होतं केरबा चौगल्यांच्या जिवावर. केरबा म्हणजे गुळव्या. आपल्यापैकी कोणी गुऱ्हाळ पाहिलं नसेल तर सांगते. उसाचा रस मोठ्या काहिलीत चढवतात, खाली चुलवाणात जाळ घालतात, आणि रस उकळत, फेसाळत, घट्ट होत जातो. एका क्षणी तो गूळ व्हायला तयार होतो. त्या क्षणाच्या आधी काहील उतरवली तर गूळ बसत नाही, चिकट राहतो. मागाहून उतरवली तर करपतो. तो क्षण ज्याला कळतो तो गुळव्या.

कोणी म्हणेल, त्यात काय, थर्मामीटर लावा! लावले होते की. पण बाबांनो, ऊस रोज तोच नसतो. लावणीचा वेगळा, खोडव्याचा वेगळा, पडलेला वेगळा, नदीकाठच्या काळ्या रानातला आणखी वेगळा. आज एकशे अठराला उतरवायची काहील उद्या एकशे बावीसला उतरवावी लागते. केरबा फेसाकडे बघायचे, बुडबुडे फुटल्याचा आवाज ऐकायचे, चिमूटभर पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी वळायचे आणि काहिलीच्या काठावर मारायचे. टण्ण वाजली की झालं. काहिलीपाशी ते तीनच शब्द बोलत. ‘ढवळ.’ ‘थांब.’ ‘उतरव.’ चौथा शब्द गूळ निवायच्या वाफ्यात ओतल्यावर, चहाच्या वेळी.

त्यांची सून तनुजा. शिकलेली, हुशार, बोलायला गोड. नवरा सुजित पुण्याला बॅटरीच्या कारखान्यात, सणावाराला यायचा. तनुजा मात्र गावातच राहिली, कारण गुऱ्हाळाचा तक्ता तिच्या हातात होता. तक्ता म्हणजे साधी स्प्रेडशीट, रकाने आणि ओळी. शहरात नवनवी यंत्रं आली होती, पण गावातल्या बायका महिला मंडळाच्या वर्गात जे शिकल्या तेच टिकलं. काहिलीवरचे सेन्सर दर सेकंदाला ताप, फेसाचा रंग, बुडबुड्यांचा आवाज त्या रकान्यांत भरायचे, आणि तनुजानं लिहिलेले मॅक्रो त्यावर काम करायचे. मॅक्रो म्हणजे तक्त्याला एकदाच शिकवून ठेवलेलं काम. तोवर मॅक्रो मराठीतून लिहिता येऊ लागले होते, त्यामुळे सासऱ्यालाही स्क्रीनवर काय चाललंय ते वाचता यायचं.

एकदा चहा पिता पिता केरबांनी बोट दाखवलं. “ह्ये काय गं? प्रत्येक शब्दाम्होरं दोन कोयते समोरासमोर ठेवलेत.”

“कोयते नव्हेत, मामा. कंस आहेत ते.” सासऱ्याला मामा म्हणायची त्या घराची रीत होती.

केरबांनी बशी खाली ठेवली. “आनि मी तुझा मामा. म्हंजे मला कंसमामा करतीस व्हय?”

चुलवाणात जाळ घालणारे दस्तगीर चाचा चिपाडाचा भारा टाकून हसत सुटले. “बरोबर हाय की, केरबा! सुनंला किती छळतोस! बिचारीला कवाधरनं भाकरी खाऊ दीनास.”

“तू गप, लेका. दाढी जळंल तुझी.”

चाळीस वर्षांची दोस्ती. एकाला जाळ कळायचा, दुसऱ्याला काहील.

आता थोडं शास्त्र ऐका. घाबरू नका, दळणाइतकं सोपं आहे.

त्या दशकात शास्त्रज्ञांना एक गोष्ट उमगली. कसलेल्या माणसाचा निर्णय तोंडातून शब्द होऊन निघण्याच्या आधीच त्याच्या मनगटाच्या स्नायूंना कळलेला असतो. मग त्यांनी पट्टी काढली. मनगटाला बांधायची पट्टी, जोडीला एक चष्मा आणि कानात एक मणी. माणूस काय बघतो, काय ऐकतो, हात कुठे थबकतो आणि शेवटी काय बोलतो, हे सारं हंगामभर टिपत राहायचं. यातून यंत्र नुसती उत्तरांची यादी करत नसे. बघण्यापासून बोलण्यापर्यंत जो एक आतला धागा जातो, तो धागाच ते उचलायचं. मग त्याच्यापुढे कधी न पाहिलेला ऊस आणला तरी तो माणूस जे म्हणाला असता तेच ते म्हणायचं. त्या धाग्याला कायद्यात नाव पडलं ‘रीत’. कॉम्प्युटरच्या भाषेत ते एक फंक्शन.

फंक्शन म्हणजे जातं समजा. वरून ज्वारी टाकली की ज्वारीचं पीठ, नाचणी टाकली की नाचणीचं. आणि एका मॅक्रोकडून दुसऱ्या मॅक्रोला काही सोपवायचं असेल, तर दोन तऱ्हा असतात. शेजारणीला वाटीभर पीठ देता येतं, नाहीतर अख्खं जातंच उचलून देता येतं. पीठ संपतं. जातं असलं की ती रोज आपल्या दाण्याचं दळून खाईल. फंक्शनचं नुसतं नाव लिहिलं तर जातं दिलं. नावापुढे कंस उघडून मिटला, तर ती झाली हाक. जातं तिथल्या तिथे फिरतं, समोर जे असेल ते दळतं, आणि पुढे दिलं जातं ते पीठ.

दोनच खुणा. पण जातं आणि पीठ यांतलं अंतर त्या दोन खुणांत.

आणखी एक गोष्ट, कायद्याची. सुरुवातीला कारखान्यांनी कामगारांच्या रीती उचलल्या, हजार नकला केल्या आणि माणसांना घरी बसवलं. मोठा हलकल्लोळ झाला. मग कायदा आला, चांगल्या मनानं आला. माणसाची रीत ही त्याच्या मूत्रपिंडासारखी. तिची नक्कल नाही. ती एका वेळी एकाच जागी राहील, जिवंत माणसानं शुद्धीत असताना स्वतः सोपवली तरच दुसरीकडे जाईल, आणि सोपवताक्षणी मूळ पुसलं जाईल. कायद्याच्या मनात पाप नव्हतं. आधीच सांगितलं ना, या कथेत वाईट कोणी नाही.

केरबांच्या छातीत चाळीस वर्षांचा धूर बसला होता. डॉक्टरांनी सांगितलं, फार तर आणखी एक हंगाम. तनुजानं सरकारी कचेरीत खेटे घालून पट्टी मंजूर करून आणली. त्या हंगामात केरबा चष्मा लावून काहिलीवर उभे राहिले. गावातली पोरं ‘हिरो’ म्हणून चिडवायची. ते चिडत नव्हते. पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी सुनेला हाक मारली.

“तनुजा, तक्ता ठेव बाजूला. ह्यो हंगाम माझ्याशेजारी उभी ऱ्हा.”

“मी? काहिलीवर?” ती हसली. “मामा, आपल्याकडं बाई कधी काहिलीवर उभी राहिलीय का?”

“न्हाई राहिली. त्ये आमचं चुकलं. आता मी सांगतोय न्हवं?”

“अहो, पण पट्टीत सगळं येतंय की! मी चार वर्षं उभी राहिले तरी जे कळणार नाही, ते एका हंगामात तिच्यात भरतंय. आणि मी तिकडं आले तर सेन्सर कोण बघणार?”

केरबांनी ढवळायचा डाव हातात फिरवला. “बरं,” म्हणाले.

पौषात पुन्हा एकदा म्हणाले, गोळी तिच्या पुढ्यात धरून. “ही दाबून बघ. नुसती दाब. लोण्यावानी लागत्या का शिसवावानी, येवढंच सांग.” तनुजाच्या कानाला फोन होता, कचेरीचा. तिनं खुणेनं सांगितलं, आलेच. ती आली तोवर गोळी थंड होऊन दगड झाली होती. आणि तिसऱ्यांदा, हंगामाच्या शेवटी, खोकल्याची उबळ ओसरल्यावर ते म्हणाले, “अजून आठ आदणं हायत, पोरी.” एका काहिलीच्या उकळीला तिथे आदण म्हणतात. तनुजानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. “तुम्ही दमू नका, मामा. तुमचं काही वाया जाणार नाही. मी आहे ना.”

खोटं नव्हती बोलत. तिला मनापासून तसंच वाटत होतं.

चैत्रात सोपवणीचा दिवस ठरला. कचेरीतून रेवडेकर मॅडम आल्या. घराच्या पुढच्या सोप्यात केरबांची खाट टाकली होती, शेजारी स्टुलावर लॅपटॉप. दस्तगीर चाचा उंबऱ्यापाशी उकिडवे बसले होते. केरबांच्या मनगटाला पट्टी, डोळ्यांवर चष्मा, कारण सोपवताना रीत जागी असावी लागते, झोपलेल्या माणसाची नेता येत नाही.

“चौगले काका,” मॅडम म्हणाल्या, “नियमाप्रमाणं तीनदा विचारते. तुमची रीत सुनेच्या तक्त्याला देताय ना?”

“दिली.”

“राजीखुशीनं?”

“व्हय.”

“परत मिळणार नाही, ठाऊक आहे?”

“बाई, मीच परत मिळणार न्हाई. दिली म्हनतोय न्हवं.”

तनुजानं मॅक्रो उघडला. एकच ओळ लिहायची बाकी होती. तक्त्यातलं मुख्य काम होतं ‘आदण_चालव’, आणि त्याच्यापुढे सांगायचं कोणाच्या रीतीनं चालव. कायद्यानं रीतीला माणसाचंच नाव असतं. म्हणजे तिला लिहायचं होतं:

आदण_चालव केरबा

तिनं लिहिलं आणि बोटं थांबली.

मंडळी, सहा वर्षांच्या संसारात तिनं ते नाव कधी असं घेतलं नव्हतं. रेशनच्या अर्जावरसुद्धा ‘श्री. केरबा दादू चौगले’ असं लिहायची. कोणी नाव विचारलं तर चाचांकडे बघायची, नाहीतर ‘आमचे मामा’ म्हणायची. आणि इथे पांढऱ्या पडद्यावर ते नाव एकटं, उघडं, बोडकं उभं. समोर खाटेवर ते स्वतः बघतायत. वर त्यांनी विचारलंच, “काय ल्हिलंस गं?”

ती लाजली. तिची नजर वरच्या ओळींवर गेली. ताप(), फेस(), आवाज(). तिच्या तक्त्यात प्रत्येक नावापुढे कंस होते, तिच्या हाताला तीच सवय होती, आणि तिथे ते बरोबरही होते, कारण तिथे ताजा ताप, ताजा फेसच हवा होता. या एकाच ओळीत नको होते. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही, तिनंच तर ते महिला मंडळात चार बायकांना शिकवलं होतं. पण त्या घडीला तिच्या डोळ्यांना प्रोग्राम दिसतच नव्हता. सासऱ्याचं उघडं नाव दिसत होतं. डोक्यावरून पदर ओढावा तसे तिनं नावापुढे दोन कंस ओढले.

आदण_चालव केरबा()

आता कसं सोज्वळ दिसलं. तिचं तिलाच बरं वाटलं.

तक्त्यानं हरकत घ्यायला हवी होती. पण मागे सरावासाठी तनुजानं त्या जागी हातानं ‘उतरव’ असा नुसता शब्द लिहूनही मॅक्रो चालवून पाहिला होता, त्यामुळे त्या जागी रीत आली काय आणि शब्द आला काय, तक्त्याला दोन्ही चालायचं. तिचे डोळे भरले होते. तिनं बटण दाबलं. पडद्यावर आलं: ‘मिळाले.’ खाली दुसरी ओळ आली: ‘मूळ पुसले.’

“गेलं?” केरबांनी विचारलं.

“गेलं नाही, मामा. आलं. माझ्याकडं.”

त्यांनी चष्मा काढला, पट्टी सोडली, मनगट चोळलं. “हलकं वाटतंय,” म्हणाले. नवव्या दिवशी दुपारी, दस्तगीर चाचा पायाला तेल चोळत असताना, केरबा चौगले गेले. सुजित आला, तेरावा झाला, सुजित परत गेला. जाताना बायकोला म्हणाला, “मी त्यांच्याकडून काहीच शिकलो नाही. पण तू ठेवून घेतलंस. बरं झालं.”

दिवाळी झाली आणि हंगाम उघडला. नव्या उसाचा पहिला रस चढला त्या सकाळी सारं गाव गुऱ्हाळावर लोटलं. केरबांची रीत परत येणार, हे ऐकून माहेरवाशिणीसुद्धा राहिल्या होत्या. बायकांनी चुलवाणाला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला. काहील उचलायला विजेची यारी बसवली होती, ती तक्त्याच्या शब्दावर हलायची. आणि ते तीन शब्द केरबांच्या स्वतःच्या आवाजात भरून ठेवलेले होते, त्यांच्याच परवानगीनं.

रस तापला. मळी वर आली, गड्यांनी भेंडीचं पाणी टाकून काढली. तनुजानं मॅक्रो चालू केला. क्षणभर काही नाही. मग छपराखाली लावलेल्या भोंग्यातून तो ओळखीचा, घोगरा आवाज आला.

“थांब.”

एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. दस्तगीर चाचांनी चिपाड तसंच हातात धरून छताकडे पाहिलं. “आलास व्हय रं,” म्हणाले.

फेस पिवळा झाला. “थांब.” फेस सोनेरी झाला, बुडबुडे मोठे होऊन पटपट फुटू लागले. “थांब.” काटा एकशे पंधरावर. अठरावर. वीसवर. गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकशे बावीस.

“सूनबाई,” चाचा म्हणाले, “वास बदलला.”

“मामा थांब म्हणतायत, चाचा.”

“त्ये ऐकतोय मी. पर ढवळ कुटं म्हनला? एकदा तरी ढवळ म्हनतो त्यो.”

“नवा ऊस आहे. खोडवा आहे. त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.”

एकशे चोवीस. मागच्या हंगामाच्या साऱ्या ओळींत केरबांनी कधीही एकशे तेविसाच्या पुढे काहील ठेवली नव्हती, हे तनुजाइतकं कोणाला माहीत असणार? तिनंच ते आकडे रोज पाहिले होते. पण तिच्या कानात आवाज होता, आणि तीनदा त्या माणसाचं तिनं ऐकलं नव्हतं. आज चौथ्यांदा तरी त्यांचं ऐकायचं, असं काहीतरी तिच्या मनात घट्ट बसलं होतं.

“थांब.”

कडेनं काळी रेघ धरली. धूर आला, गोड आणि मग कडू.

“करपाय लागलंय, वैनी!” एक गडी ओरडला.

“कोणी हात लावायचा नाही!” तनुजा किंचाळली. “ते थांब म्हणतायत ना!”

तेव्हा दस्तगीर चाचा उठले. त्यांनी चुलवाणातला जाळ ओढून बाहेर काढला आणि यारीचा हातानं चालवायचा दांडा खाली दाबला. काहील काळी होऊन वर उचलली गेली, आणि भोंगा त्या जळक्या वासात तसाच बोलत राहिला. “थांब. थांब. थांब.” शेवटी कोणीतरी वायर उपटली. माणसं चपला शोधत पांगली. नारळाचे तुकडे कोणी नेले नाहीत.

तनुजा तिथेच, चिपाडाच्या ढिगाशी, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. फार शोधावं लागलं नाही. एका ओळीत काय ते होतं. तिनं दोन्ही कंस पुसले आणि पुन्हा चालवलं. पडद्यावर आलं: ‘केरबा नावाचे काहीही सापडले नाही.’

तिनं रेवडेकर मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं, मध्ये न थांबता.

“तनुजाताई, मूळ तर त्याच क्षणी पुसलं गेलं.”

“कुठेतरी राहिलं असेल ना? कचेरीत? एखादी नक्कल?”

“नक्कल ठेवली असती तर मी गुन्हेगार ठरले असते हो. ठेवायला हवी होती, असं आज वाटतंय. तक्त्याकडे गेलं ते त्यांचं एक उत्तर. त्या वेळचं. तेवढंच आहे तुमच्याकडे.”

सुजितचाही फोन आला. गावातून कोणीतरी कळवलं असणार. “अगं, एरर असेल. दुरुस्त कर ना.”

“दुरुस्त झाला, सुजित. मॅक्रो आता अगदी बरोबर आहे.”

“मग?”

“मग काही नाही.” तिनं फोन ठेवला.

तक्त्याला एक सवय तिनंच लावली होती. कोणतंही फंक्शन हाकेला धावलं की त्यानं काय पाहिलं आणि काय उत्तर दिलं, याची नोंद करायची. तिनं नोंदी उघडल्या. चैत्र, दुपारचे चार वाजून बारा मिनिटं. केरबा, एकदा. काय पाहिलं, त्या रकान्यात चष्म्यातून आलेलं चित्र होतं. तनुजाला वाटलं होतं, छत दिसेल, नाहीतर भिंतीवरचं कॅलेंडर.

तिथे तिचाच चेहरा होता. लॅपटॉपवर वाकलेला, भरल्या डोळ्यांचा, बटणाकडे हात नेणारा. आणि शेजारच्या रकान्यात उत्तर: थांब.

चाचांनी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांना मॅक्रो कळत नव्हता, पण हे कळलं.

“तुला बघत हुता,” ते म्हणाले. “काहील बघावी तसा.”

“आणि थांब म्हणाले.”

“म्हननारच. कच्चं उतरीवल्यालं त्याला कवा चाललंय?”

ते ऐकून तनुजा रडली. तेराव्यालाही रडली नव्हती तशी रडली. चाचांनी तिची समजूत काढली नाही. ते जाळ विझवत राहिले, राख ओढत राहिले, आणि तिचं झाल्यावर म्हणाले, “उद्याचा ऊस तुटलाय. गाडी येनार. काय करूया?”

“तुम्ही उभे राहा, चाचा. चाळीस वर्षं बघताय.”

“मी जाळाकडं बघत हुतो, सूनबाई. काहिलीला पाठ असती माझी. त्यो उतरव म्हनायचा, मी जाळ ओढायचो.” त्यांनी हात झटकले. “आपल्याला वाटलं, त्यो हायच की.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तनुजा काहिलीवर उभी राहिली. पदर कमरेला खोचून, सासऱ्याचा डाव हातात धरून. दोन बायका नाकाला पदर लावून बघायला आल्या आणि उसाच्या मोळ्या ओढू लागल्या. पहिलं आदण तिनं घाईनं उतरवलं, गूळ बसलाच नाही, वाफ्यात चिखलासारखा पसरला. दुसरं बुडाला लागलं. पाचव्याला मनगटावर पाक उडाला आणि कातडी सोलली. ती चिमूट पाण्यात टाकायची, गोळी वळायची, काठावर मारायची. कधी टण्ण वाजायची, कधी थप्प. पण टण्ण वाजूनही गूळ बिघडायचा, आणि का बिघडला हे सांगायला कोणी नव्हतं. अशा वेळी ती मान वळवून शेजारी बघायची. तिथे धूर असायचा.

सव्वीस आदणं गेल्यावर एक रवा, म्हणजे गुळाची ढेप, उभा राहिला. वाकडा, काळसर, पण उभा. तिनं त्याचा तुकडा मोडून चाचांपुढे धरला. चाचांनी तो तोंडात घोळवला. चाळीस वर्षं त्यांनी दर आदणाचा पहिला तुकडा खाल्ला होता.

“खरं सांगू?”

“खरंच सांगा.”

“केरबाचा न्हाई ह्यो. जवळपास बी न्हाई. केरबाचा आता मिळायचा न्हाई कुनाला.” त्यांनी बोटं चाटली. “पर गूळ हाय.”

तनुजानं मान डोलावली आणि पुढचा रस चढवायला सांगितला.

मंडळी, कथा इथेच थांबते. केरबांना आठवा असं मी म्हणणार नाही. ते देवापाशी गेले, त्यांची काळजी घेणारा समर्थ आहे. मागणं वेगळंच आहे. धामणकाठला आजही एक बाई काहिलीपाशी उभी असते. तिला कोणी शिकवणारं नाही, आणि कोणी शिकवू पाहत होतं तेव्हा तिला सवड नव्हती, हे तिला रोज, प्रत्येक आदणाला, आठवतं. उद्या सकाळी देवापुढे हात जोडाल, स्वतःच्या लेकराबाळांसाठी मागून घ्याल, तेव्हा शेवटी क्षणभर थांबून त्या तनुजा चौगलेचीही आठवण ठेवा. तिच्या हाताला यश येऊ दे, एवढं तिच्यासाठी मागा.